गाडीचं प्रस्थान

नचिकेतनं मोटारसायकलच्या सेल्फचं बटण दाबलं आणि गाडीच्या पोटात कुठं तरी पाल चुकचुकली. टक टक टक टक. बस्स. त्यानं अंगठा उचलला, घसा खाकरला, जणू चूक आपल्याच उच्चारात झाली असावी, आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी टकटकही अर्धवट झाली आणि समोरच्या काट्यांमागचा उजेड मिणमिणून विझला. साडेनऊला पाच मिनिटं कमी होती. अंगात नवा बदामी शर्ट होता, हातावर आईनं घातलेल्या दहीसाखरेचा चिकटपणा अजून होता आणि छातीत पहाटेपासून जे काही उड्या मारत होतं ते या टकटकीनंही खाली बसायला तयार नव्हतं. उलट त्याला हसूच आलं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होऊन चारनंतर कधी तरी त्याचा डोळा लागला होता, मग सातपर्यंत मेल्यासारखा झोपला होता, आणि उठल्यापासून दोनदा दाढी करून झाली होती. तेहेतीस वर्षांचा माणूस, हिंगोलीत ज्याला लोक वाकून नमस्कार करतात, दुसऱ्यांच्या लग्नात जो ‘सावधान’ म्हणून आवाज लावतो, तो आरशासमोर उभा राहून कंगव्याला विचारत होता की भांग डावीकडं बरा की उजवीकडं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच, आणि बाशिंग गुडघ्याला बांधूनही नवरा अजून गल्लीतच उभा होता.

आता गाडी नाही तर एस.टी., नाही तर जीप, असं कुणीही म्हणेल. त्याच्याही डोक्यात ते आलं आणि गेलं. कारण आज गाडीच न्यायची होती. परवा फोनवर संगिताचे वडील, पुनमचंद राठोड, त्याच्याशी जेमतेम दोन मिनिटं बोलले होते. पण ती दोन मिनिटं नचिकेतला ‘गणानां त्वा’सारखी पाठ झाली होती. “पोरगी सांगून राहिली, तुमी चांगले हाव म्हनून. आसाल. पन आमच्यात मानूस पाह्यच्या आधी त्याचा बैल पाहतेत. आमचे आजे-पणजे बैलावर मीठ-धान्य घिऊन देश हिंडले, बैलाच्या खांद्यावरून धनी वळखायचे. तुमच्याकडं काई बैल न्हाई. तवा गाडी घिऊन या. गुरुवारी बराबर अकराला, वारंगा फाट्यावर. बाराला दुसरे पाव्हणे येऊन राहिलेत संगिताला पाह्यला. त्याहिला मला एकच शब्द द्यायचाय, हा न्हाईतर ना. तुमी आले तर ना, न्हाई आले तर हा.” एवढं बोलून फोन बंद. नचिकेत तेव्हा एका वास्तुशांतीत होमापुढं बसलेला होता. यजमान तुपाची पळी हातात धरून वाट बघत होते आणि गुरुजी बंद फोनकडं बघून हसत होते. यजमानांना तो शुभशकुन वाटला असावा.

हिंगोलीपासून फाटा पंचेचाळीस किलोमीटर. दहाला निघालं तरी जमतं. दहाला. त्यानं खाली उतरून गाडीकडं नीट पाहिलं. दोन वर्षांची गाडी, काळी, टाकीवर त्यानंच काढलेलं आणि धुतल्यावर फिकट झालेलं स्वस्तिक. सकाळी ती त्याला बाहेर गल्लीतच, तोंड दक्षिणेकडच्या रस्त्याला करून उभी दिसली होती. मार्गशीर्षातला गुरुवार, आईनं लक्ष्मीचा घट मांडायला बोळ धुऊन काढला असणार आणि गाडी कुणाकडून तरी बाहेर काढून घेतली असणार, असं म्हणून त्यानं पुढं विचार केला नव्हता. विचार करायला मन जागेवर कुठं होतं? उजव्या मुठीवरचं, इंजिन बंद करायचं लाल बटण त्यानं पाहिलं. ते बरोबर होतं. बाजूचा स्टँड वर होता. टाकीचं झाकण काढून डोळा लावला तर आत पेट्रोल हललं आणि त्याचा गोडसर वास नाकात शिरून डोक्यापर्यंत गेला. कालच भरून आणलं होतं. काल आणताना गाडी कशी चालली होती! खटकाळी बायपासवरून येताना ती त्याच्याखाली एकदाही कुरकुरली नव्हती, आणि तो मोठ्यानं, वाऱ्यात, स्वतःलाच काय काय सांगत आला होता.

पेट्रोलच्या वासानं त्याला तो दिवस आठवला. गुढीपाडवा, शोरूमच्या पटांगणात ओळीनं नवी वाहनं, आणि एकेकापुढं जाऊन तो पूजा सांगत चाललेला. त्या दिवशी बावीस पूजा झाल्या होत्या, घसा बसला होता, बोटं कुंकवानं लाल झाली होती. तेविसावं वाहन निळा ट्रॅक्टर होता. मालक म्हणून पांढऱ्या मिशांचा, पागोट्यातला उंच माणूस, आणि शेजारी त्याची मुलगी, संगिता, खांद्याला पर्स, पायात बूट. त्यानं सवयीनं चाकाखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात तिनं विचारलं, “महाराज, लिंबू चिरडल्यानं ट्रॅक्टरला काय कळते?” तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. दवाखान्यात नर्स आहे ती, दिवसभर माणसांना कुठं दुखतं, कधीपासून दुखतं असं विचारणारी, त्याच आवाजात तिनं विचारलं. नचिकेतला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं ते असं: “ट्रॅक्टरला नाही कळत. चालवणाऱ्याला कळतं, चाकाखाली काही तरी येऊ शकतं म्हणून.” ती त्याच्याकडं बघत राहिली, मग हसली. तिचा वरचा एक दात थोडा पुढं आहे. आणि त्या क्षणी चोविसाव्या वाहनाचा मालक हाका मारत असताना नचिकेत मंत्र विसरला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा विसरला. हात ट्रॅक्टरच्या गार बॉनेटवर तसाच राहिला.

त्यानं किक बाहेर ओढली आणि मारली. एक, दोन, सहा. अकरा. पायाला ती पोकळ लागत होती, इंजिन आतून साधा हुंकारही देत नव्हतं. कपाळावरचं गंध घामानं नाकावर उतरलं. मग त्यानं डिकीतला पाना काढून प्लगची टोपी ओढली, प्लग काढला, उलटा करून पाहिला, पॉलिश पेपर नव्हता म्हणून काडेपेटीच्या कडेवर घासला, फुंकर मारली, परत बसवला. बदामी शर्टाच्या उजव्या बाहीवर काळा पट्टा उमटला. किक, पुन्हा काही नाही. आणि इथं, बाराव्या की तेराव्या किकेला, जे आपण सकाळपासून मनाच्या दाराबाहेर उभं ठेवलं होतं ते आत येऊन बसलं: आज गुरुवार. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, त्या वारी तिकडं निघू नये. फाटा दक्षिणेला.

हे कळायला त्याला पंचांग लागत नव्हतं. या घरात पाढ्यांच्या आधी वार आणि दिशा पाठ होतात. सकाळी आंघोळ करून आल्यावर त्याचा हात नेहमीसारखा खिळ्यावरच्या पंचांगाकडं गेला होता आणि त्यानं तो चटका बसल्यासारखा मागं घेतला होता. आज बघायचं नाही. बघितलं की काही तरी निघणारच, राहुकाळ निघेल, भद्रा निघेल, पंचांगात आजवर निव्वळ चांगला दिवस कुणाला सापडलाय? आणि निघालं की त्यावर तोडही सांगितलेली असते, ती त्याला तोंडपाठ होती, पण ती त्याला नको होती. आज त्याला नुसतं जायचं होतं. साध्या माणसासारखं गाडीला किक मारून जायचं होतं. फोनवर संगितानं एकदा विचारलं होतं, “खरं सांगा, मुहूर्त चुकला तर काय होते?” आणि तो म्हणाला होता, “काही होत नाही. पण काही झालं की माणसाला मुहूर्त आठवतो.” स्वतःच्या या उत्तरावर तो आठवडाभर खूश होता. आता गल्लीत काळ्या हातांनी उभा राहून त्याला मुहूर्त आठवत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि गंमत म्हणजे छातीतली ती उडी मारणारी वस्तू अजून होतीच, तिला दिशाशूल ठाऊक नव्हता.

आणि अण्णा. दिशाशूल म्हटलं की अण्णा आलेच. राधाकृष्णगुरुजी, त्याचे वडील, सहासष्ट वर्षांचे, दत्ताच्या देवळातले पुजारी, ज्यांनी उभ्या आयुष्यात अमावास्येला गावाची शीव ओलांडली नाही. बारा दिवसांपूर्वी रात्रीच्या जेवणाला नचिकेतनं त्यांना सांगून टाकलं होतं. पुनमचंद राठोडांची मुलगी आहे, संगिता, तांड्यावरची, नर्स आहे, आठ महिने झाले, मला तिच्याशीच लग्न करायचंय. आईच्या, म्हणजे ताराबाईंच्या, हातातली वाढायची पळी थांबली. अण्णा ताकभात कालवत होते. त्यांनी तो शेवटपर्यंत कालवला, शेवटपर्यंत खाल्ला, चूळ भरली आणि म्हणाले, “बरं.” एवढंच. हे ‘बरं’ होकाराचं की तिरस्काराचं, हे नचिकेतला बारा दिवस उलगडत नव्हतं. त्यानंतर अण्णा त्याच्याशी पळी दे, समिधा सुकल्या का बघ, याच्यापलीकडं बोलले नाहीत. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. नचिकेतनं उलट आरडाओरडा केला असता, सगळं म्हणून दाखवलं असतं: चौदा ठिकाणी मी पोहे खाल्ले अण्णा, चौदा! वसमतला मुलीचा मामा म्हणाला, भिक्षुकी ठीक आहे, पण मुलगा करतो काय? परभणीला मुलीनं पंख्याकडं बघत सांगितलं की मला धूर सहन होत नाही. सगळ्या जगाची लग्नं मी लावायची आणि स्वतःच्या वेळेला मांडवाच्या बाहेर उभं राहायचं? हे सगळं न बोललेलंच राहिलं होतं. मुकाट माणसाशी भांडता येत नाही, हे अण्णांना चांगलंच माहीत असणार. काल रात्रीही, उद्या मी फाट्याला चाललोय, असं त्यानं भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं. अण्णांनी पंचांग खिळ्यावरून काढलं, चष्मा लावला, बघितलं आणि परत लावलं. बघा, त्यांना दिशाशूल दिसला आणि त्यांनी सांगितलादेखील नाही, असं मनात म्हणत नचिकेत अंथरुणावर पडला होता.

साडेनऊ उलटून सात मिनिटं झाली होती. त्यानं विजयकुमार मेकॅनिकला फोन लावला. विजयकुमार जवळा बाजारला कुणाचा तरी ट्रॅक्टर उघडून बसला होता, मागं घण पडत होते.

“बोला महाराज. आज कुनाची पूजा?”

“माझीच होऊन राहिली. गाडी सुरू होत नाही. प्लग साफ केला, पेट्रोल आहे, किका मारून पाय मोडायला आला.”

“पैले किक मारनं बंद करा. चावी लावल्यावर टाकीखालून गुंऽऽ आसा बारीक आवाज येतो का?”

नचिकेतनं चावी फिरवली, कान टाकीला लावला. टाकी गार होती. आत काही नव्हतं. रोज ते गुंऽऽ ऐकूनच आपण निघत होतो, हे त्याला ते नसल्यावर कळलं.

“नाही.”

“मंग ब्याटरी बसली. या नव्या गाड्याहिला किक मारून उपेग न्हाई, ब्याटरी मेली की पंप पेट्रोलच वढत न्हाई. रात्री चावी चालू ठिवून झोपले का?”

“मी? चावी खिळ्यावर होती माझी.”

“महाराज, ब्याटरी आशी बसत न्हाई. कुनी तरी चार तास चावी चालू ठिवल्याबिगर न्हाई बसत,” विजयकुमार म्हणाला, मग त्याला दया आली असावी. “घाबरू नका. आता चावी बंद करा आन पंदरा मिन्टं हात लावू नका तिला. जरा दम धरंल. मंग उतारावर मानसं लावा, सेकंड गियर टाका, पळवा, आन झटक्यात क्लच सोडा. एकदा घेतली की फाटा येईस्तोवर बंद करू नका. तांब्याभर पान्यालाबी थांबू नका. कुटं चाल्लात एवढं?”

“फाट्यावर,” नचिकेत म्हणाला, आणि न विचारताच पुढं म्हणाला, “मुलीच्या वडलांना भेटायला.”

“आता गं बया!” पलीकडं घण थांबला. “पळवा महाराज, पळवा!”

पंधरा मिनिटं. पूजेत पंधरा मिनिटं म्हणजे काहीच नसतात, षोडशोपचारातले चार उपचार होतात. इथं त्याला प्रत्येक मिनिट हाताला लागत होतं. तो ओट्यावर बसला, उठला, बसला. संगिताला संदेश लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मग सरळ फोनच केला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला, म्हणजे तीही फोन हातात धरूनच होती, आणि एवढ्याशा गोष्टीनं त्याचे कान तापले.

“निगाले का?”

“गाडीची बॅटरी बसली. दहाला निघतो. धक्क्यावर.”

ती हळू आवाजात म्हणाली, “बा तर नऊलाच फाट्यावर जाऊन बसलाय. मी भी हाव हितंच. तेचा तिसरा चहा चालू हाय. मला म्हने, बाह्मनाची गाडी पाह्यची हाय, मंग बोलू. काहून बसली ब्याटरी?”

“माहीत नाही.”

“या तुमी,” ती म्हणाली. “अकराला दोन मिन्टं कमी आसली तरी मी बाला उठू देनार न्हाई. पन अकराच्या पुढं तो माझंभी ऐकनार न्हाई. आपल्या शब्दाचा हाय तो. या, या नं!” शेवटचं ‘या’ ती ज्या आवाजात म्हणाली तो तिनं दवाखान्यात कुणासाठी वापरला नसणार. नचिकेत फोन कानाला धरून तसाच उभा राहिला. कुणी तरी आपली वाट बघतंय, पंचेचाळीस किलोमीटरवर एक माणूस आपल्यासाठी खुर्ची धरून बसलंय. त्याला वाटलं, गाडी राहू दे, आपण पळतच सुटावं.

कोण चावी चालू ठेवेल? त्यानं आत डोकावून हाक मारली. ताराबाई घटाला आंब्याचे डहाळे लावत होत्या. “अरे, तूच विसरला होतास की!” त्या म्हणाल्या. “नऊला सडा टाकायला आले तर चावी गाडीलाच. मी बंद करून खिळ्याला लावली. तुला दही देताना सांगितलं नाही का? तुझं लक्ष होतं कुठं?” लक्ष कुठं होतं ते दोघांनाही माहीत होतं. पण काल संध्याकाळी त्यानं चावी स्वतःच्या हातानं खिळ्याला लावली होती, हेही त्याला लख्ख आठवत होतं. म्हणजे मध्ये कुणी तरी ती काढली. कुणाला त्याचं जाणं नको होतं? हा प्रश्न मनात येताच त्याचं उत्तरही शेजारी येऊन बसलं, आणि ते उत्तर इतकं घाणेरडं होतं की त्यानं मान झटकली. अण्णा असं करणार नाहीत. अण्णा दिशाशूल सांगणार नाहीत, बारा दिवस बोलणार नाहीत, पण असं करणार नाहीत. करतील? गाडीची चावी कशी फिरवतात हे तरी त्या माणसाला माहीत आहे का? ज्याला आपण आयुष्यभर पाया पडून निघालो त्याच्याबद्दल हे काय चाललंय आपलं, असं वाटून त्याचं तोंड कडू झालं, तरी तो विचार काही उठून जाईना.

तेवढ्यात समोरच्या पद्माबाई पदराला हात पुसत आल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, गल्लीत कोण कधी शिंकलं याची खबर असलेल्या. त्यांच्या हातात एक गाठोडं होतं, पांढऱ्या उपरण्याचं. उपरणं नचिकेतचंच होतं.

“नचूमहाराज, निगायचं हाय ना? मंग हे कोन नेनार? मी कवाची वाट पाहून राहिले, आता मागायला येतेल, मंग येतेल म्हनून.”

“हे काय आहे?”

“काय म्हंजे? तुमीच गुरुजी आन मलाच इचारता! तुमचा पस्ताना. पहाटं सव्वापाचला गुरुजी घिऊन आले. म्हनले, पद्माबाई, नचू आज दक्षिणेला चाललाय आन गुरुवार हाय. मुहूर्त आत्ताचा हाय पन पोरगं रातभर जागं होतं, आता कुटं झोपलंय, उठवत न्हाई. हे तुमच्या घरी ठिवा, जाताना तेच्या हातात द्या.”

नचिकेतनं गाठोडं घेतलं. आत सुपारी, हळकुंड, मूठभर अक्षता, बोटांना ओळखीच्या. प्रस्थान. ज्या दिशेला, ज्या वारी जाऊ नये तिकडं जाणं भागच असलं, तर चांगल्या घटकेला आपली एखादी वस्तू उंबऱ्याबाहेर काढून शेजाऱ्याकडं ठेवायची. माणूस नंतर केव्हाही निघाला तरी तो त्या घटकेलाच निघाला असं धरायचं. हीच ती तोड, जी त्यानं शेकडो लोकांना सांगितली होती आणि आज स्वतःला नको म्हणून टाकली होती. म्हणजे काल रात्री अण्णांनी पंचांगात पाहिलं ते हे. त्यांनी जाऊ नको म्हणायला वाट शोधलीच नव्हती, त्यांनी जाण्याची वाट शोधली होती. आणि बोलले नव्हते, कारण बोलायची त्यांना सवय नाही.

“आणि गाडी?” त्यानं विचारलं.

“गाडीभी तेंनीच काढली की. एकल्यानं. माझा नातू म्हनत व्हता मी धरू का, तर न्हाई म्हनले. मला म्हनले, आमच्या वेळी उपरणं चालायचं, आता पोरगं गाडीवर जातं, गाडीनंभी निगालं पाह्यजे ना. तोंड दक्षिणेला केलं, चावी लावली, कशी फिरवायची कळंना, दोनतीनदा हिकडं तिकडं केली. मंग म्होरचा बारीक दिवा लागला तवा हात जोडले. मी म्हनलं, गुरुजी, दिवा तसाच ठिवता काय? तर म्हनले, बाई, एकदा निघालेलं प्रस्थान मागं फिरवत नसतेत.”

नचिकेत हसायला लागला. मोठ्यानं. पद्माबाई घाबरून मागं सरल्या. सव्वापाच ते नऊ, पावणेचार तास, त्याची गाडी गल्लीत उभी राहून अण्णांच्या मुहूर्तानं फाट्याला निघालेली होती, आणि निघता निघता तिचा जीव गेला होता. त्याला हसू आवरेना आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला बाही वर नेली तर गालावर काळं लागलं. आपण मघाशी काय विचार केला होता! शरम वाटली, इतकी की उभ्या जागी अण्णांच्या पायावर डोकं ठेवावं. आणि शरमेच्या वर, तिला न जुमानता, आनंद. बारा दिवसांचं ‘बरं’ आता कुठं कळलं होतं. ते खरंच ‘बरं’ होतं.

आणि अण्णाच आले. देवळातून, हातात तीर्थाचा तांब्या, ओल्या पायांनी. त्यांनी गाडी पाहिली, मुलाचा काळा गाल पाहिला, हातातलं गाठोडं पाहिलं. घड्याळात दहाला सहा कमी.

“निघाला नाहीस अजून?” बारा दिवसांतलं पहिलं कामाबाहेरचं वाक्य.

“बॅटरी बसली अण्णा.”

“कशानं?”

पद्माबाईंनी तोंड उघडलं. नचिकेत घाईनं म्हणाला, “थंडीनं बसते कधी कधी.”

अण्णांनी गाडीच्या चावीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पद्माबाईंकडं पाहिलं, आणि त्या लगेच आपल्या तुळशीकडं बघायला लागल्या. अण्णांच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. काय झालं ते त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे आपल्या लक्षात आलंय असं नचिकेतनं दाखवलं नाही. अण्णांनी तांब्या ओट्यावर ठेवला, धोतराचा काचा मारला आणि गाडीच्या मागं जाऊन दोन्ही हात सीटच्या दांडीला लावले. “काय करायचं असतं ते सांग,” ते म्हणाले.

त्यानं गाठोडं शर्टाच्या आत पोटाशी घातलं, चावी फिरवली. टाकीखालून अगदी बारीक, आजाऱ्यानं कूस बदलावी एवढं, गुंऽ आलं. दुसरा गियर. क्लच दाबून धरला. गल्ली ओढ्याकडं उतरते, शंभरएक पावलं, पुढं सपाट आणि मग चढ. तेवढ्यातच जमलं तर जमलं. ताराबाई ओल्या हातानं धावत आल्या, पद्माबाईंनी पदर खोचला. गाडी हलली. मागं अण्णांचा श्वास त्याला ऐकू येत होता, जोरात, फाटलेला, सहासष्ट वर्षांचा. अर्धी गल्ली गेली तसा त्यानं क्लच सोडला. गाडीनं एक हिसका दिला, चाक फरफटलं आणि ती थिजली. बाया ठेचकाळल्या. “पुन्हा,” अण्णा म्हणाले. नचिकेतला वाटलं, पुरे, यांच्या छातीत कळ येईल, नको. पण अण्णांनी मागून असा रेटा दिला की त्याला हँडल सांभाळावं लागलं. आता उतार थोडा राहिला होता. गाडीनं वेग घेतला, वारा कानात शिरला, चपलांचे, पैंजणांचे, अनवाणी पायांचे आवाज मागं एकत्र धडधडायला लागले, ओढ्याचा पूल समोर आला, आणि त्यानं श्वास रोखून झटक्यात क्लच सोडला.

गाडीनं खोकल्यासारखं केलं, एकदा, दोनदा, आणि घेतली! सगळं अंग तिच्यासोबत थरथरलं. मूठ पिळली तशी ती ओरडली आणि हातातून सुटल्यासारखी पुढं धावली. मागचा भार एकदम सरला. त्याला मागं वळायचं होतं, थांबून पायावर डोकं ठेवायचं होतं, मघाशी मनात आलं ते सांगून माफी मागायची होती, पण थांबलं की गाडी मेली. तो पुलावर आला.

“नच्या!”

निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे अण्णांनी जन्मात मोडलं नव्हतं. आई दाराशी येऊन काही विसरलेलं सांगायला लागली तरी ते तिला हातानं गप्प करायचे. नचिकेत शिकायला गेला तेव्हा डबा राहिला तर राहिला, पण हाक नाही. आणि आता ते भर गल्लीत, काचा सुटलेला, छाती भात्यासारखी हलत असलेली, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होते. आरशात ते थरथरत होते, कारण आरसाच थरथरत होता.

“नच्याऽऽ! त्यांना विचारून येऽऽ! आम्ही कधी यायचं ते! दिवस त्यांनाच सांगू देऽऽ! कुठलाही चालेल म्हणावंऽऽ!”

नचिकेतनं डावा हात उंच केला आणि तसाच धरला, पूल संपेपर्यंत. मग तो खाली घेतला, क्लच दाबला आणि गाडी तिसऱ्यात टाकली.